फिनाईल आणि खिडकी
(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

घरात संसर्गजन्य आजाराचं माणूस असताना स्वच्छता कशी ठेवावी, या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. पण अशी आजारपणं माझ्या घरात दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी जीव तोडून साफसफाई केली. पहिल्या वेळी भलत्याच जागी केली, दुसऱ्या वेळी भलत्याच वेळी. तेव्हा बोलण्याचा माझा अधिकार असलाच तर तो एवढाच.

पहिली गोष्ट २००७ सालची, साताऱ्याची. आमच्या सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. उन्हाळ्यापासून त्यांना खोकला होता. आले-मधाचा चाटण, मग कफाचं औषध, मग दुसरं कफाचं औषध असं करत जुलै उजाडला. संध्याकाळी अंगात कसर असायची, जेवण अर्ध्यावर आलं होतं, चोळी ढिली झाली होती. अखेर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला दिली. त्या वेळी तीन नमुने घेत असत. तिन्हींत क्षयाचे जंतू सापडले.

घरी आम्ही पाच माणसं. मी, माझे यजमान, सासूबाई, धाकटे दीर आणि चार वर्षांचा माझा मुलगा. क्षय हा शब्द ऐकल्यावर मला त्या पाचांतला एकच दिसायला लागला, तो चार वर्षांचा. हे आज कबूल करायला मला संकोच वाटत नाही. त्या दिवशी मात्र सासूबाईंच्या तोंडाकडे बघण्याचं धाडस झालं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी कामाला लागले. पुढची ओटी हवेशीर, म्हणून तिथे सगळ्यांची ऊठबस. तिथून त्यांची कॉट उचलून मधल्या खोलीत टाकली. ती खोली म्हणजे आमची अडगळीची खोली. एकच खिडकी, तीही बोळाकडे उघडणारी, आणि रंग देताना जी चिकटली ती चिकटलीच. तिच्यापुढे धान्याची कोठी. मला वाटलं, बरंच झालं. खिडकी बंद, दार लोटलेलं, जंतू आतल्या आत राहतील. दाराला जाडसर पडदा लावला. फरशी दिवसातून तीनदा फिनाईलने पुसायची. भिंती हात पोचेल तिथपर्यंत पुसल्या. त्यांचं ताट, वाटी, पेला वेगळा केला. आमच्याकडे सगळ्या भांड्यांवर नाव घातलेलं, त्यामुळे ताटं दिसायला सारखीच. गोंधळ नको म्हणून त्यांच्या ताटाला मागच्या बाजूने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ते ताट घासायची घासणीही वेगळी.

सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून त्या आपलं ताट आपणच मोरीत नेऊन घासू लागल्या. चौथ्या दिवशी नातू पडद्याशी उभा राहून ‘आज्जी, गोष्ट’ म्हणाला, तर आतून म्हणाल्या, ‘आज्जीला झोप आलीय रे.’ दुपारचे चार वाजले होते.

आठवड्याभराने आरोग्य खात्याचे पर्यवेक्षक घर बघायला आले. औषधं ‘डॉट्स’ पद्धतीने सुरू झाली होती. म्हणजे तेव्हा आठवड्यातून तीन दिवस, कोणाच्या तरी समोर गोळ्या घ्यायच्या. आमच्या आळीतल्या अंगणवाडीच्या बाईंकडे सासूबाईंच्या नावाचा औषधांचा खोका होता. पर्यवेक्षक त्या खोक्याची चौकशी करतील, असं मला वाटलं. मी त्यांना फिनाईलने चकचकीत केलेली खोली मोठ्या हौसेने दाखवली. ते दारातच थांबले. म्हणाले, ‘ताई, इथली खिडकी कुठाय?’

मी कोठीमागे बोट दाखवलं. ते म्हणाले, ‘तुम्ही जंतू कोंडलेत खरे. पण त्यांच्याबरोबर तुम्ही पण कोंडून घेता की. जेवण द्यायला, औषध द्यायला आत कोण येतं?’

मी येत होते. दिवसातून दहा वेळा.

त्यांनी मग ओट्यावर बसून जे समजावलं ते मी नंतर वाचूनही पाहिलं, म्हणून नीट सांगते. क्षयाचा जंतू ताटातून जात नाही. चादरीतून, फरशीतून, हात हातात घेतल्याने जात नाही. तो जातो हवेतून. रोगी खोकतो तेव्हा लहानमोठे तुषार उडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात, आणि खाली पडलेला जंतू पुन्हा उठून फुफ्फुसात जायला जवळजवळ असमर्थ असतो. धोका असतो तो अगदी बारीक थेंबांचा. ते हवेतच सुकतात, त्यांचा एक-दोन ते पाच मायक्रॉनचा कण उरतो, आणि तो बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतो. माणूस खोलीतून निघून गेला तरी कण राहतो. म्हणजे मी दिवसातून तीनदा पुसत होते ती होती फरशी, आणि रोग होता माझ्या नाकासमोर.

हे काही त्या पर्यवेक्षकांचं मत नव्हतं. अमेरिकेत बाल्टिमोर इथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली यांनी एक प्रयोग केला होता. क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळीने ओढून वर ठेवलेल्या गिनीपिगच्या पिंजऱ्यांकडे सोडली. रोग्यांचा आणि त्या प्राण्यांचा दुसरा कसलाही संबंध नाही. ताट नाही, कपडा नाही, फक्त हवा. तेवढ्याने गिनीपिगना क्षय झाला. दुसऱ्या पिंजऱ्याकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले, तर तिथल्या प्राण्यांना झाला नाही. आणि ज्या वर्षी मी आमची खिडकी बंद ठेवली, त्याच २००७ साली पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या नुसती सताड उघडल्यावर खोलीतली हवा तासाला सरासरी अठ्ठावीस वेळा बदलते, असं त्यांना आढळलं. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांसाठी बारा वेळा पुरे धरतात. आणखी गंमत म्हणजे उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती या बाबतीत नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. आमची ओटी अशीच होती. तिथूनच मी त्यांना उठवलं होतं.

यजमानांनी त्याच संध्याकाळी कोठी हलवली आणि पटाशी घालून खिडकी उघडली. रंगाचे पोपडे पडले, झुरळं पळाली आणि बोळातला पावसाचा वारा आत आला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, गार वाटतंय, पण वाटू दे.’ दोन दिवसांनी कॉट पुन्हा ओटीवर गेली. रात्री ओटीवर त्या एकट्याच झोपत, बाकीचे आम्ही आत. पर्यवेक्षकांनी पंख्याचीही युक्ती सांगितली होती. टेबलफॅन रोग्याकडून आपल्याकडे वारा येईल असा ठेवायचा नाही. आपल्या पाठीमागून वारा यावा, रोग्यावरून पुढे जावा आणि खिडकीतून बाहेर पडावा. जेवण वाढताना मी कुठे उभी राहायची हेही त्यावरून ठरलं.

फिनाईल मग कशाला लागलं म्हणाल, तर थुंकीला. मी त्यांना आधी उघडं तस्त दिलं होतं, तळाला राख घालून. त्याऐवजी घट्ट झाकणाचा डबा आला, तळाशी थोडं फिनाईल. सकाळी तो शौचालयात ओतून वर भरपूर पाणी. तोंड पुसलेले कागद आणि चिंध्या जाळायच्या. या जंतूच्या अंगावर मेणासारखं कवच असतं, त्यामुळे साधीसुधी जंतुनाशकं त्याला दाद देत नाहीत. पण उकळतं पाणी आणि कडक ऊन यांपुढे तो टिकत नाही. साताऱ्यात जुलैत ऊन कुठलं आणायचं? म्हणून रुमाल आणि उशीचे अभ्रे तेवढे उकळून घेत होते. खोकताना त्यांनी तोंडावर पदराची दुहेरी घडी धरायची, हा सर्वांत स्वस्त उपाय. पदर काय नि मास्क काय, तुषार जिथून निघतात तिथे लावला तर जास्त उपयोगी. मी लावलेल्या साध्या कापडी पट्टीतून ते बारीक कण सहज आत येत होते.

आणि हो, फिनाईलच्या वासाने त्यांचा खोकला वाढत होता. हे त्यांनी मला सहा महिन्यांनी सांगितलं.

पर्यवेक्षकांचा दुसरा प्रश्न मला पहिल्याहून जास्त लागला. ‘घरात बाकी कोणाला खोकला आहे का? पोराला दाखवलंत?’ मी पोराला पडद्याबाहेर ठेवलं होतं, दवाखान्यात नेलं नव्हतं! आजीच्या कुशीत झोपून, तिच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकत त्याने खोकल्याचे तीन महिने काढले होते. जो काही संसर्ग व्हायचा तो निदान होण्याआधीच होऊन गेला असणार. निदान झालं, औषध सुरू झालं की रोग्याकडून होणारा संसर्ग भराभर उतरतो. साधारण दोन आठवडे नीट औषध पोटात गेलं की धोका बराच कमी होतो, असं धरतात. म्हणजे माझं सगळं सोवळं-ओवळं सुरू झालं तेव्हा चोर येऊन गेलेला होता, आणि मी कुलूप लावत बसले होते.

ही गोष्ट आपल्या देशात फार आधी सिद्ध झालेली आहे, हे मला खूप उशिरा कळलं. मद्रासला १९५६ साली एक चाचणी सुरू झाली. १९३ क्षयरोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना त्यांच्या घरीच औषधं दिली. ती घरं म्हणजे शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतली. सॅनेटोरियममध्ये विश्रांती, चांगलं अन्न, मोकळी हवा. घरी यातलं काही नाही. वर्षाअखेर बरे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. आणि घरच्या माणसांना जास्त लागण झाली का, हेही त्यांनी पाहिलं. घरी ठेवलेल्यांच्या कुटुंबांना सॅनेटोरियमवाल्यांच्या कुटुंबांपेक्षा जास्त धोका झाला नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि रोग्याला घराबाहेर काढून दूर नेऊन ठेवण्याची प्रथा जगभर मागे पडत गेली. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. ‘वानलेसवाडीला नेलं’ हे शब्द माझ्या लहानपणी हलक्या आवाजात बोलले जात. मद्रासच्या त्या कामानंतर पन्नास वर्षांनी मी माझ्या घरातच एक वानलेसवाडी करून ठेवली होती, आणि तीही बिनखिडकीची.

मुलाची तपासणी झाली. आजार नव्हता. पण सहा वर्षांखालच्या मुलांना तेव्हा प्रतिबंधक म्हणून आयसोनिॲझिड देत असत, ते त्याला सहा महिने दिलं. गोळी कुटून गुळात कालवायची. आता लहान मुलांपुरतं हे राहिलेलं नाही. रोग्याच्या घरातल्या सगळ्यांनाच, आजार नाही याची खात्री करून, असं प्रतिबंधक औषध देण्याचं धोरण आहे. औषधांची पद्धतही बदलली. आठवड्यातून तीनदा जाऊन २०१७ पासून रोजच्या गोळ्या आल्या. आहारासाठी सरकार रोग्याच्या खात्यात पैसे जमा करतं. २०१८ मध्ये महिना पाचशे रुपये होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाले. थुंकी तपासायला आणि मुलाबाळांना दाखवून आणायला आपण अजूनही उशीर करतो, आणि फिनाईलची बाटली मात्र त्याच दिवशी आणतो.

आता दुसरी गोष्ट. ती थोडक्यात सांगते, पण गाळत नाही, कारण ती ऐकली नाही तर पहिलीचा अर्थ चुकीचा लागेल. माझा लागला होता.

२०११ साली हाच मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली. चार-पाच दिवस ताप, उलट्या, अन्नावर वासना नाही. मग डोळे पिवळे. रक्त तपासलं तर ‘हिपॅटायटिस ए’. एव्हाना मी शहाणी झालेले होते. ताट वेगळं करायचं नाही, माणसाला दूर करायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या! ताप आल्यापासून मी खिडक्या उघडल्या आणि निर्धास्त राहिले. मोरीत सगळ्यांचा एकच टॉवेल. माझी नणंद मुलीला घेऊन आठ दिवस राहायला आली होती. दोन्ही भावंडं एकाच ताटात भेळ खात होती.

या कावीळीचा विषाणू हवेतून जात नाही. तो शौचातून बाहेर पडतो आणि हातावाटे, पाण्यावाटे, अन्नावाटे तोंडात जातो. इथे ताट, टॉवेल, शौचालयाची कडी, नळाची चावी हेच रस्ते. आणि डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत तो सर्वांत जास्त बाहेर पडत असतो. साधारण चार आठवड्यांनी नणंदेचा फोन आला, मुलीचे डोळे पिवळे दिसतायत. टॉवेलातून गेली, भेळेतून गेली की दोघांनी बाहेर कुठे एकच पाणी प्यालं होतं, ते कोणी सांगू शकणार नाही. पोरगी महिन्याभरात खडखडीत बरी झाली. नणंद काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मग ज्याची फरशीवर गरज नव्हती ते काम मी कडी-नळावर केलं. साबणाने हात धुणं सर्वांत आधी. नुसत्या स्पिरिटच्या जेलवर या विषाणूच्या बाबतीत विसंबता येत नाही. नंतर ब्लीच. वाण्याकडे बाटलीतलं जे पातळ ब्लीच मिळतं त्यात साधारण चार-पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. पण आधी घाण पुसून, साबणाने धुऊन घ्यायची, कारण क्लोरीन घाणीशी लढण्यातच संपून जातो. मग ते पाणी लावून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. लावलं आणि लगेच पुसलं तर समाधान मिळतं, काम होत नाही. हे पाणी रोज ताजं करायचं. आमच्या गावाकडे ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते. तिचं पोतं उघडं राहिलं की जोर उतरतो, तसंच हे. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. मी केलं. भांडं ॲसिडने घासलं होतं, त्यावरच दुप्पट स्वच्छ व्हावं म्हणून ब्लीच ओतलं. क्षणात डोळ्यांतून पाणी, छाती दाटून आली. दार उघडं होतं म्हणून बाहेर पळता आलं. तो क्लोरीन वायू होता.

त्या वेळी सासूबाई हसून म्हणाल्या, ‘मला तू फिनाईलने मारत होतीस, आता स्वतःवर आलीस.’ चार वर्षांत त्या एवढ्या मोकळेपणाने त्याविषयी पहिल्यांदाच बोलल्या.

२०२० साली करोनात या दोन्ही गोष्टी मला रोज आठवत. रस्त्यांवर फवारे उडत होते. बरेलीला तर गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं. भाज्या सोड्यात बुडत होत्या, वर्तमानपत्राला लोक इस्त्री करत होते. आमच्या इमारतीत लिफ्टची बटणं तासातासाला पुसली जात आणि सोसायटीची बैठक मात्र बंद खोलीत, एसी लावून झाली. मी खिडकी उघडा म्हटलं तर एकजण म्हणाले, ‘बाई, बाहेरून येईल ना.’ मी त्यांना हसले नाही. मधल्या खोलीची ती खिडकी मी स्वतः बंद ठेवलेली होती.

सासूबाईंचा औषधांचा कोर्स २००८ च्या जानेवारीत पुरा झाला. शेवटची थुंकी तपासली, स्वच्छ होती. त्या दिवशी मी त्यांना पंगतीत सगळ्यांबरोबर वाढलं. खरं म्हणजे पर्यवेक्षक आले त्या दिवसापासून मी त्यांना कुठल्याही ताटात वाढायला तयार होते. पण त्याच मांडणीतून ठिपक्याचं ताट हाताने चाचपून काढायच्या, आणि जेवून उठल्या की मोरीशी जायच्या. त्या दिवशीही काढलं. मी म्हटलं, आई, आता काय? तर म्हणाल्या, ‘असू दे गं. सवय झाली.’

२०१६ साली त्या गेल्या, म्हातारपणाने. ताट घरातच आहे. नेलपॉलिशचा ठिपका मी पुष्कळ घासला, ॲसिटोन लावलं, पण अंधूकसा राहिलाच आहे. ताटं सारखीच असल्यामुळे कोणाच्या वाट्याला कधी येतं ते कळत नाही. मुलगा आता नोकरीला लागलाय. सुट्टीला आला होता तेव्हा जेवून झाल्यावर ताट उचलताना त्याने खालून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘आई, हे लाल काय आहे?’

मी त्याला ही सगळी हकिगत सांगितली. त्यानंतर तो ते ताट स्वतःच घासायला घेऊन गेला.